ओसरीवरून : माळ्यावरून उतरलेला कॅरम



दिवाळीची सुट्टी संपली की हे सदर दरवर्षी एकच प्रश्न विचारतं. सुट्टीत फळीवर, पाटावर, चादरीवर मांडून काय काय खेळलात? यंदाही पत्रं आली आहेत. श्रीवर्धनकडच्या एका भगिनीने कळवलं आहे की त्यांच्याकडे पाऊस लांबला आणि मुंबईहून आलेल्या मुलांनी सात दिवस कॅरमशिवाय दुसरं काही केलं नाही, बोरिक पावडर संपली तेव्हा तांदळाची पिठी टाकून बोर्डाचा सत्यानाश केला. सोलापूरच्या एका आजींनी नातवंडांना चल्लस आठ शिकवलं. कवड्या मिळाल्या नाहीत म्हणून चिंचोके फोडून त्यांच्या अर्ध्या फोडी वापरल्या. एका वाचकबंधूंनी फक्त "बुद्धिबळ, रोज, मुलीशी, रोज हरलो" एवढंच लिहिलं आहे.

आता आमच्या घरची यादी. कॅरम, बुद्धिबळ, नवकंकरी आणि चिठ्ठ्यांचा ल्युडो. या शेवटच्या खेळाचं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार, कारण तो आमच्या ओसरीवरच जन्माला आला. पण आधी कॅरमबद्दल. वर्षाच्या सुरुवातीला एका भगिनीने विचारलं होतं की तुमच्या घरचा कॅरम अलीकडे लिखाणात दिसत नाही, काय झालं? मी उत्तर दिलं नाही. आज देते, आणि ज्याची ही गोष्ट आहे त्या माझ्या पुतण्याला विचारून देते. तो म्हणाला, "लिहा चाची, पण नाव नको."

नव्या वाचकांसाठी सांगते, आम्ही काटेवाडीचे. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की येतं ते गाव. आषाढात तुकोबांची पालखी येते आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, ते हेच. आमचं घर एक, चुली दोन. एक आमची, एक मोठ्या भाईजानची. ओसरी मात्र सामायिक, आणि ओसरीवर अब्बांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, कॅरम. तो त्यांनी १९८७ साली बारामतीहून एस.टी.च्या टपावर टाकून आणला होता. भाईजान आणि आमचे हे, दोघे भाऊ त्याच्यावरच वाढले. भाईजानचा हात असा की कोपऱ्यात अडकलेली सोंगटी समोरच्या कडेला स्ट्रायकर आपटून परतीच्या वाटेवर घेत. त्यांच्या लग्नात नवरदेव हळदीच्या हातांनी कॅरम खेळत होता, हे अम्मी अजून सांगते.

गेल्या जानेवारीत हा कॅरम माळ्यावर गेला.

पुतण्या वीस वर्षांचा, बारामतीला डिप्लोमा करतो. फोनवर ल्युडो खेळायचा. आधी नुसता, मग दहा रुपये लावून. पहिल्या आठवड्यात तो जिंकला. नवीन माणसाला जिंकू देतात आणि 'बोनस' म्हणून वर थोडे पैसे खात्यात दाखवतात, ही तिथली रीतच आहे, असं तो आता सांगतो. ल्युडोवरून पत्त्यांवर गेला. भाईजानांनी उसाच्या बिलाचे काही पैसे त्याच्या खात्यावर ठेवले होते, ते गेले. मग परीक्षेची फी म्हणून यांच्याकडून पंधरा हजार नेले, तेही गेले. सगळे मिळून छत्तीस हजार. कळलं तेव्हा पोराला कोणी हात लावला नाही. भांडण झालं ते दोघा भावांत. भाईजान म्हणाले, "मला न विचारता त्याला पैसे दिलेसच कशाला?" हे म्हणाले, "पोरगा कोणाचा?" एवढी दोनच वाक्यं. त्यानंतर पाच महिने भाऊ भावाशी बोलला नाही. रमजानमध्ये एका ओसरीवर दोन दस्तरखान पडले. अब्बा एक खजूर इकडचा खायचे आणि एक तिकडचा, म्हणजे कोणाला राग नको. ईदला गळाभेट झाली, पण ती कशी झाली हे पाहणाऱ्यांना माहीत.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी भाईजानांनी कॅरम उचलून माळ्यावर टाकला. बुद्धिबळाचा पटही. "या घरात आता खेळ नको." अब्बा काही बोलले नाहीत. बोर्डाच्या जागी त्यांनी आपली खुर्ची ओढली.

मी आलिमा नाही, मसला सांगण्याचा मला अधिकार नाही. पण त्या दिवसांत सूरह माइदाच्या ९० आणि ९१ क्रमांकांच्या आयती मी पुन्हा तर्जुम्यासह वाचल्या. जुगार मना का, याचं कारण तिथे दिलेलं आहे. शैतान त्यातून तुमच्यात वैर आणि द्वेष पेरतो आणि अल्लाहच्या आठवणीपासून, नमाजपासून तुम्हाला रोखतो. पूर्वी मला वाटायचं, वैर म्हणजे जुगाराच्या अड्ड्यावरचे दोन खेळाडू एकमेकांच्या उरावर बसतात ते. आता कळलं की ज्यांनी पत्त्याला हातही लावलेला नाही अशा दोन भावांतही ते येऊन बसतं. फोनवर खेळणाऱ्याच्या समोर कोणी बसलेलंच नसतं. मग वैर घरातच वाटलं जातं.

म्हणून भाईजानांचा राग मला समजत होता. त्यांचा उपाय समजत नव्हता. पोराचा फोन त्याच्या खिशात राहिला आणि माळ्यावर गेला तो कॅरम, ज्याच्यावर त्याने कधी एक पैसा लावला नव्हता.

बोर्ड खाली आला तो पावसामुळे. २०२५ च्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या भागात जो पाऊस झाला तो तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला, रस्त्यावर, शेतांत पाणीच पाणी. आमच्या घराची वीज गेली ती दुसऱ्या दिवशीही आली नाही. फोन एकेक करून मान टाकत गेले. माळ्यावर गळत होतं, म्हणून पुतण्या भांडं लावायला वर चढला आणि वरून ओरडला, "अब्बाजान, कॅरम भिजतोय!"

अब्बा खुर्चीतून म्हणाले, "मग खाली आण."

भाईजान दारातच उभे होते. वडिलांचा शब्द मोडायची या घरात रीत नाही. बोर्ड खाली आला, अब्बांनी आपल्या लुंगीने पुसला. एक कोपरा फुगला आहे, तो आजही तसाच आहे. त्या कोपऱ्याकडे सोंगटी गेली की शेवटच्या दोन बोटांवर वळण घेते. कंदील ठेवला आणि मुलं खेळायला बसली. तासाभराने भाईजानांनी आपल्या मुलीला हाक मारली, "चाचीला विचार, पावडर कुठंय?" मला ते थेट काही विचारत नाहीत, मोठे दीर आहेत. पण पावडर विचारली याचा अर्थ मला कळला. ती रात्र ते खेळले नाहीत. दुसऱ्या रात्री समोरच्या बाजूला आमचे हे बसले होते आणि त्यांच्यासमोरची जागा रिकामी होती. भाईजान तिथे बसले. बोलणं झालं ते इतकंच. हे म्हणाले, "काळ्या तुझ्या." भाईजान म्हणाले, "बरं."

तेव्हापासून घरात खेळांसाठी तीन अटी आहेत. आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांशी अब्बांनी बोलून त्या ठरवल्या. पैसा किंवा पैशासारखं काही लागणार नाही. अजान झाली की हात वर, सोंगटी जिथे आहे तिथे. आणि पासे नाहीत. पाशांबद्दल सांगायचं तर सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये नर्दशीर या पाशांच्या खेळाबद्दल फार कडक शब्द आहेत, आणि बहुतेक उलमा ते पाशांच्या इतर खेळांनाही लावतात. तुमच्या घरची रीत वेगळी असेल तर आपापल्या इमामांना विचारावं. मी आमच्या घरचं सांगते आहे.

पहिली अट वाटते तितकी सोपी नाही, हे आम्हाला चौकातल्या पत्र्याच्या शेडने शिकवलं. तिथे पोरं वर्षानुवर्षं कॅरम खेळतात आणि हरणाऱ्याने चहा पाजायचा, असा दंडक. कोणालाही त्यात वावगं वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं. इमामसाहेब म्हणाले, दोन्ही बाजू मिळून ठरवतात की हरेल त्याने भरायचं, मग ती रक्कम दहा रुपयांची असो की दहा हजारांची, हिशोब एकच. तिसऱ्याच कोणी खुशीने चहा पाजला तर गोष्ट वेगळी. त्यामुळे आता आमच्या ओसरीवर चहा मी पाजते, हरणाऱ्यालाही आणि जिंकणाऱ्यालाही. चहाची पत्ती किती संपते हे कोणी विचारत नाही.

शेडबद्दल आणखी एक. तिथे मुली नसतात. तिथे कोणी मनाई लिहिलेली नाही, पण नसतात. माझ्या तेरा वर्षांच्या पुतणीचा नेम मी ओसरीवर पाहिला तेव्हा पहिला विचार मनात आला तो हाच, की या मुलीला खेळायला समोर कोण मिळणार? भाऊ, चाचा, अब्बा. बस्स. मग मी तिला काझिमाची गोष्ट सांगितली. काझिमा चेन्नईची, वडील रिक्षा चालवतात. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत कॅरमचा विश्वचषक झाला, तिथे सतरा वर्षांच्या या मुलीने तीन सुवर्णपदकं घेतली. एकेरी, दुहेरी आणि संघाचं. पुतणीने विचारलं, "तिचा बोर्ड केवढा होता?" मी म्हटलं, तुझ्याएवढाच. खेळायची जागा ७४ सेंटिमीटर चौरस, नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक लाल राणी, स्ट्रायकर पंधरा ग्रॅमच्या वर नाही. चेन्नईत काय आणि काटेवाडीत काय, मापं तीच. तिने घरातला बोर्ड टेपने मोजला. एक सेंटिमीटर कमी भरला. फुगलेल्या कोपऱ्याचा हा परिणाम असावा, असं अब्बांचं मत.

मापांसोबत खेळाची पद्धतही बदलली. शेडवर पॉइंटचा खेळ चालतो, म्हणजे काळीचे अमुक, पांढरीचे तमुक, राणीचे पन्नास. पुतणी आता नियमाप्रमाणे खेळते. आपल्या रंगाच्या नऊ संपवायच्या, समोरच्याच्या जितक्या उरल्या तितके गुण आपले, राणीचे तीन, आणि राणी घेतल्यावर लगेच आपली एक सोंगटी घेऊन ती झाकायची. पंचवीस गुण होतील तो जिंकला. या खेळात घाई चालत नाही. राणीच्या मोहात पडलेला झाकायला सोंगटी शोधत बसतो आणि राणी परत मधे जाते. पुतण्याचं नेहमी असंच होतं. बहीण त्याला म्हणते, "भाई, तुला बोनस पाहिजे." हे ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा सगळे गप्प झाले होते. मग तोच हसला.

आता बुद्धिबळ. यावर आमच्या घरात एकमत नाही. आम्ही हनफी, आणि आपल्या हनफी उलमांनी शतरंज नापसंत केली आहे. इमाम शाफई यांचं मत त्या मानाने सौम्य, जुगार नसेल आणि नमाज चुकत नसेल तर. कोकणातल्या वाचकांच्या घरी बहुधा तोच मसलक असतो. इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर बुद्धिबळावर बंदी आली आणि १९८८ मध्ये पैजेशिवाय खेळायला खोमेनींनीच मोकळीक दिली. म्हणजे थोरामोठ्यांचंही यावर एक मत झालेलं नाही. अम्मी पट मांडला की पाठ करून बसते. अब्बा खेळतात, पण एकच डाव, असरनंतर. मी कोणाचीच बाजू घेत नाही. डाव मात्र चोरून बघते.

अब्बांचं बुद्धिबळ जुनं, देशी. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजा एकदा, शह बसायच्या आत, घोड्यासारखी उडी मारू शकतो. पुतणी शाळेत शिकलेली, तिचं प्यादं दोन घरं जातं. पहिल्या दिवशी यावरून अर्धा तास वाद झाला. अब्बा म्हणाले, "आमच्याकडे शिपाई चालत जातो, पळत नाही." शेवटी ठरलं की सोमवारी देशी नियम, बाकीच्या दिवशी शाळेचे. सोमवारी अब्बा जिंकतात.

या निमित्ताने मी मुलांना सुलतान खानची गोष्ट सांगितली, तुम्हीही सांगा. पंजाबातला हा माणूस, सर उमर हयात खान यांच्या पदरी नोकर. वडिलांकडून तो हेच देशी बुद्धिबळ शिकला होता. मालकाबरोबर विलायतेला गेला, तिथले नियम नव्याने शिकला आणि १९२९ मध्ये ब्रिटनची अजिंक्यपद स्पर्धा जिंकला. पुन्हा १९३२ मध्ये आणि १९३३ मध्ये. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवलं, जो सहा वर्षं जगज्जेता होता. मग मालक परतले, तोही परतला, आणि खेळ तिथेच थांबला. इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. मला जास्त आवडतो तो पुढचा भाग. त्याच घरात फातिमा नावाची एक तरुण नोकर मुलगी होती. तीही बुद्धिबळ शिकली आणि १९३३ मध्ये, सुलतान खान ज्या वर्षी तिसऱ्यांदा जिंकला त्याच वर्षी, ती ब्रिटनच्या महिलांची विजेती झाली. मिस फातिमा. पुढे तिचं नाव पटावर फारसं दिसत नाही. पुतणीने विचारलं, "मग ती कोणाशी खेळत असेल?" मला उत्तर देता आलं नाही. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली, तेव्हा पुतणीने पेपरातला फोटो कापून कॅरमच्या मागच्या बाजूला चिकटवला. कॅरमच्या बोर्डामागे बुद्धिबळाची खेळाडू. असो.

ल्युडो तसा आपलाच. पचिशी, चौसर, सोंगट्यांचा पट, त्याचं १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट निघालं आणि पुठ्ठ्यावर छापून तो परत आला. अकबराने फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात पचिशीचा पट फरशीवरच आखून घेतला होता. मग तो फोनवर आला आणि लॉकडाउनमध्ये घराघरात पोचला. आमच्या घरातलं दुखणं त्यातूनच सुरू झालं, त्यामुळे ल्युडो पुन्हा मांडावा असं कोणालाच वाटत नव्हतं. शिवाय पाशांची अट. पण धाकटी मुलं ऐकेनात. तेव्हा पुतणीने हा मार्ग काढला, तो जसाच्या तसा देते.

प्रत्येकाने सहा चिठ्ठ्या घ्यायच्या, त्यांवर एक ते सहा आकडे. आपली पाळी आली की हातातली कोणतीही एक चिठ्ठी उघडी करून खाली टाकायची आणि तितकी घरं चालायची. टाकलेली चिठ्ठी परत घेता येत नाही. सहाही संपल्या की सगळ्या पुन्हा हातात. सहाने सोंगटी बाहेर निघते, सहाला जादा पाळी नाही. बाकी सगळं ल्युडोसारखं. झालं! पासा गेला, नशीब गेलं, आणि खेळ एकदम अवघड झाला. समोरच्याने पाच आणि तीन टाकलेत, म्हणजे चार अजून त्याच्या हातात आहे, म्हणजे त्याच्यापुढे चौथ्या घरात उभं राहायचं नाही. सात वर्षांची पोरं बोटांवर हे मोजायला लागली. मोठ्यांना वाटतं हा लहान मुलांचा खेळ, आणि मोठेच हरतात, कारण ते सहाची चिठ्ठी पहिल्यांदा टाकून मोकळे होतात. मला तर तो मूळ खेळापेक्षा सरस वाटतो. करून बघा आणि काही सुधारणा सुचली तर कळवा. इमामसाहेबांना पट दाखवला. त्यांनी चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहिल्या आणि विचारलं, "हरल्यावर मुलं रडतात का?" रडतात, असं खरं सांगितलं. हसले आणि चहा पिऊन गेले.

नवकंकरी अम्मीची. बकऱ्या राखायला जायची तेव्हा शिकली. एकात एक तीन चौकोन, प्रत्येक बाजूच्या मध्यावरून आत जाणारी रेघ, असे चोवीस ठिपके. दोघांना नऊ-नऊ खडे. आळीपाळीने ठेवायचे, मग सरकवायचे, एका रेघेत आपले तीन आले की समोरच्याचा एक उचलायचा. दोनच उरले तो हरला. महाराष्ट्रात किल्ल्यांच्या पायऱ्यांवर, लेण्यांत, देवळांच्या ओट्यांवर हा पट दगडात कोरलेला दिसतो. पहाऱ्यावरची माणसं, वाटसरू, गुराखी, कोणीही बसावं आणि खेळावं. यात पासा नाही, पैसा नाही, विकत आणायचं काही नाही. आमच्या तिन्ही अटी पाळणारा हा खेळ घरात साठ वर्षं होता आणि आम्ही तो कोळशाने आखलेला पट दर शनिवारी धुऊन टाकत होतो.

यंदा पालखी दुपारच्या विसाव्याला थांबली तेव्हा एक म्हाताऱ्या वारकरी माउली आमच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकल्या. पट दिसला. काही न विचारता त्यांनी पिशवीतून शेंगदाणे काढले, नऊ मोजले आणि अम्मीसमोर बसल्या. अम्मीकडे मक्याचे दाणे. एकही शब्द न बोलता दोन डाव झाले, एक-एक. तिसरा मधेच राहिला, पालखी उठली. जाताना त्या उरलेले शेंगदाणे पटावर तसेच ठेवून गेल्या. अम्मीने संध्याकाळपर्यंत कोणाला उचलू दिले नाहीत.

पुतण्याचं विचाराल. सगळं मिटलं असं लिहिलं तर खोटं होईल. कॅरम खाली आल्यावरही जुलैमध्ये त्याने एकदा ते ॲप उघडलं, दोनशे रुपये घातले आणि हरला. त्याने स्वतःच येऊन आमच्या यांना सांगितलं. बापाला नाही, चाचाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे म्हणवणारेही आणि त्यांच्या जाहिरातीही. कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला आहे, हे मला बरं वाटलं. त्याच्या फोनवरचं ते ॲप एके दिवशी उघडलं तर पैसे लावायची सोयच नाही. तो म्हणतो, "चाची, बरं वाटलं आणि हात शिवशिवले, दोन्ही." अशा वेळी तो उठून ओसरीवर येतो आणि एकटाच स्ट्रायकर मारत बसतो. रात्री अकरालाही टक-टक ऐकू येते. कोणी ओरडत नाही.

बारामतीत एका दुकानात तो संध्याकाळी काम करतो. दर महिन्याला दोन हजार रुपये सोंगट्यांच्या जुन्या डब्यात आणून ठेवतो. आधी चाचाचे फेडायचे, मग बापाचे, असं त्यानेच ठरवलं. डबा कॅरमच्या शेजारी फळीवर असतो. त्याला कुलूप नाही. भाईजान तो उघडून पाहत नाहीत, निदान कोणाच्या समोर तरी नाही.

भाऊबीजेच्या दिवशी शेजारच्या पाटलांच्या मुली ओवाळायला आल्या होत्या, त्या रात्री थांबल्या आणि चौघींनी मिळून भाईजान आणि आमचे हे यांच्याविरुद्ध डाव मांडला. दोघे भाऊ समोरासमोर, जोडीदार म्हणून, वर्षभरात पहिल्यांदा. राणी उरली होती, काळी एक, पांढऱ्या दोन. भाईजानांनी राणी घेतली, झाकायला एकच सोंगटी, ती नेमकी फुगलेल्या कोपऱ्याजवळ. तेवढ्यात इशाची अजान झाली. हात वर. सोंगटी जिथे आहे तिथे.

सकाळी पाहिलं तर ती काळी सोंगटी कोपऱ्यापासून चांगली दोन बोटं सरकलेली, अगदी सरळ भोकासमोर. अब्बा म्हणतात, मांजर फिरलं असेल. मुली म्हणतात, मांजराला कॅरम येतो का? आमचे हे पेपर वाचत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या अंकासाठी तुमच्या याद्या येऊ द्या. चिठ्ठ्यांचा ल्युडो खेळून पाहिलात तर तुमच्या घरी पहिल्या डावात कोण हरलं, तेही लिहा.